नेट येते कुठून अन् जाते कुठं? गोंदिया जिल्ह्याच्या जोडणीची गोष्ट

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना जिथं अडखळलो तिथं वाक्यं थोडी सरळ केली आहेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



आजचा विषय मी निवडलेला नाही, तो मला पाठवला गेला. अर्जुनी मोरगावकडच्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला होता. बचत गटाचं काम बघतात, घरी चार एकर धान आहे. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही इतिहास सांगता ना, मग हे सांगा. हे नेट येते कुठून, अन् आमच्याइथून जाते कुठं?" धानाच्या ऑनलाइन नोंदणीसाठी त्या तीनदा केंद्रावर जाऊन रिकाम्या हातानं परत आल्या होत्या. दर वेळी उत्तर एकच: नेट गेलं आहे.

मी तो मेसेज दोन-तीनदा ऐकला. वाटलं, प्रश्न अगदी बरोबर आहे. आपण सगळे नेट वापरतो, नेटवर वैतागतो, पण ते "येतं" म्हणजे नक्की कुठून येतं हे कुणी नीट सांगत नाही. पुस्तकातलं उत्तर असतं, "इंटरनेट हे जगभरातल्या संगणकांचं जाळं आहे." बरं, आहे. पण ते जाळं गोंदियापर्यंत कुठल्या वाटेनं आलं? आणि शेवटच्या गावाच्या अलीकडे येऊन का थांबतं? तेच आज बघू. मध्ये मध्ये थोडं तंत्र येईल, घाबरू नका. धानाच्या भाषेत सांगतो.

सुरुवात इंटरनेटपासून करता येणार नाही, रेल्वेपासून करावी लागेल.

गोंदिया हे गाव मोठं झालं ते रेल्वेमुळं. १८८० च्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी नागपूर-छत्तीसगड रेल्वे इथून गेली. तेव्हा ती मीटर गेज होती. पुढं १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली, तिनं हा मार्ग घेतला आणि रुंद केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालाघाटमार्गे जबलपूरकडे जाणारी छोटी लाइन आली आणि गोंदिया जंक्शन झालं. आता बघा, रूळ कधी एकटे येत नाहीत. रुळांच्या कडेनं खांब येतात आणि खांबांवरून तार येते. पुढच्या स्टेशनला "गाडी सुटली" हे कळवल्याशिवाय गाडी चालवणं धोक्याचं. म्हणजे आपल्या भागात दूरचा निरोप विजेच्या वेगानं आला तो आधी रेल्वेच्या सोयीसाठी. माणसांच्या सोयीसाठी तो नंतर आला.

जुन्या माणसांना विचारा, "तार आली" म्हटलं की घरात बायका आधी रडायला लागत आणि तार मग वाचली जाई. चांगली बातमी कोण एवढे पैसे खर्चून पाठवणार? ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये देशभर बंद झाली.

पण तारेची वाट बंद झाली नाही. सप्टेंबर २००० मध्ये रेल्वेची रेलटेल नावाची कंपनी सुरू झाली. तिनं रुळांच्या कडेनं ऑप्टिकल फायबर टाकलं. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची नळी, तिच्यातून प्रकाश उघडझाप करत धावतो आणि त्या उघडझापेत आपली माहिती असते. हावडा-मुंबई हा देशातला मुख्य मार्ग, आणि गोंदिया त्याच्यावर. म्हणजे ज्या वाटेनं तार गेली त्याच वाटेनं काच गेली. यात योगायोग नाही, कारण सरळ आहे. केबल टाकायची तर जमीन खणावी लागते, आणि जमिनीला शंभर मालक असतील तर शंभर परवानग्या लागतात. रुळांच्या कडेच्या जमिनीला मालक एकच. इंटरनेटचा नकाशा आणि रेल्वेचा नकाशा इतके सारखे का दिसतात, त्याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

आता टेलिफोन. गोंदियाचा धंदा तांदळाचा. राईस मिलवाल्याला भाव कळायला हवा, रायपूरचा, नागपूरचा, कलकत्त्याचा. त्यासाठी ट्रंक कॉल. एक्स्चेंजला सांगायचं, नंबर लिहून द्यायचा आणि बसायचं. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि त्याहून घाई असेल तर लाइटनिंग कॉल, त्याचे पैसे कित्येक पट. सकाळी लावलेला कॉल संध्याकाळी लागायचा आणि तोवर भाव उतरलेला असायचा.

हे बदललं ते १९८४ नंतर. त्या वर्षी सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिनं खेड्यांसाठी १२८ लाइनींचं छोटं एक्स्चेंज बनवलं. कर्नाटकातल्या कित्तूरला १९८६ मध्ये पहिलं बसवलं. त्याची खुबी वेगात नव्हती. ते धुळीत, उकाड्यात, एसी नसलेल्या खोलीत चालायचं, ही खरी खुबी. परदेशी यंत्रांना थंड खोली लागायची. आपल्याकडे मे महिन्यात माणसाला थंड खोली मिळत नाही तिथं यंत्राला कुठून देणार? पुढं पिवळ्या पाट्या आल्या, एसटीडी, आयएसडी, पीसीओ. रात्री उशिरा दर कमी, म्हणून बूथवर तेव्हाच रांग. गोंदियाचा कोड ०७१८२ हा आमच्या पिढीला अजून तोंडपाठ आहे.

हा कोड लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

१५ ऑगस्ट १९९५. विदेश संचार निगम म्हणजे व्हीएसएनएलनं सामान्य लोकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याआधी देशात इंटरनेट नव्हतं असं नाही. आयआयटीसारख्या संस्थांना जोडणारं अर्नेट होतं, सरकारी कार्यालयांना उपग्रहाच्या छत्र्यांनी जिल्ह्या-जिल्ह्यापर्यंत जोडणारं निकनेट होतं. पण ते साहेब लोकांचं. पैसे भरून कुणालाही मिळेल असं नेट १९९५ मध्ये आलं, तेही आधी महानगरांत. गोंदियातून वापरायचं तर मोठ्या शहराला एसटीडी लावायचा आणि मिनिटागणिक मीटर पळताना बघत बसायचं. कुणी लावला असेल का? हौशी माणूस काय करेल सांगता येत नाही.

इथं थोडं तंत्र. फोनची तार बनली आवाजासाठी. संगणकाला बोलता येत नाही, त्याला फक्त हो आणि नाही, एक आणि शून्य कळतं. मग त्या एक-शून्याचं आवाजात रूपांतर करणारा आणि पलीकडे आवाजाचं पुन्हा एक-शून्यात रूपांतर करणारा दुभाषी हवा. तो म्हणजे मोडेम. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना तो आवाज आठवेल, आधी टुंग टुंग, मग खर्रर्र, मग मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं काहीतरी, आणि मग शांतता. शांतता म्हणजे जोडणी झाली. तेवढ्यात घरातल्या कुणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की संपलं, पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवातीचा वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. आता बिट आणि बाइट यात लोकांचा नेहमी घोळ होतो. आठ बिटांचा एक बाइट. कंपनी वेग सांगते बिटात आणि फाइलचं वजन असतं बाइटमध्ये, म्हणून आठानं भागायचं. पाच एमबीचं एक गाणं त्या वेगानं उतरवायला सव्वा तासाच्या आसपास लागायचा. पुढं ५६ किलोबिटचे मोडेम आले, तेच गाणं कागदावर बारा मिनिटांत. प्रत्यक्षात अर्धा तास धरा, कारण ५६ कुणाला कधी मिळाले नाहीत.

आता ते गाणं जातं कसं? कट्ट्यांनी. समजा एका मिलमधून पाचशे कट्टे तांदूळ कोलकात्याला पाठवायचा आहे. एकच मोठा ट्रक शोधत बसण्यापेक्षा प्रत्येक कट्ट्यावर चिठ्ठी लावली, कुठून आला, कुठं जायचा, कितव्या नंबरचा, आणि मिळेल त्या गाडीत टाकला. काही रायपूरवरून गेले, काही जबलपूरवरून. पोचल्यावर तिथला माणूस नंबर लावून रचतो आणि एखादा कमी असेल तर कळवतो, "तीनशे बारावा आला नाही, पुन्हा पाठवा." इंटरनेट हेच करतं. त्या कट्ट्याला पॅकेट म्हणतात, बहुतेक वेळा एकात दीड हजारापर्यंत बाइट मावतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे हीच युक्ती सुचली. १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेतल्या त्या जाळ्यावर कट्ट्यांचे नियम ठरले, ते आजही चालतात. ताईंच्या मोबाइलवर फोटो अर्धाच दिसतो आणि चक्री फिरत राहते, तेव्हा काय होत असतं? काही कट्टे वाटेत राहिलेत आणि त्यांची वाट बघणं चालू असतं.

आणि पत्ता? ०७१८२ आठवा. जसा प्रत्येक फोनला नंबर, तसा नेटवरच्या प्रत्येक यंत्राला नंबर, आयपी अॅड्रेस. पण नंबर कोण लक्षात ठेवणार, म्हणून नावं. "गोंदिया डॉट जीओव्ही डॉट इन" हे आपल्या जिल्ह्याच्या साइटचं नाव. हे नाव उलटं वाचायचं बरं का: इन म्हणजे भारत, जीओव्ही म्हणजे सरकार, आणि मग गोंदिया. पाकिटावर आपण आधी माणसाचं नाव, मग गाव, मग जिल्हा लिहितो, तसंच. हे वाचता आलं की फसवणूकही ओळखता येते. शेवटी सरकारी शेपूट नसेल आणि मध्ये कुठंतरी "गोंदिया" आणि "सरकार" असे शब्द पेरलेले असतील, तर ती साइट सरकारी नाही. एवढं एक ज्ञान आपल्या काकांना द्या, बाकी काही दिलं नाही तरी चालेल.

असो. इतिहासाकडे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आठ तालुके. म्हणजे बघा, आपला जिल्हा भारतातल्या सार्वजनिक इंटरनेटपेक्षा चार वर्षांनी लहान. दोघं बरोबरच वाढले म्हणा. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९९८ मध्ये, खासगी कंपन्यांना इंटरनेट द्यायची परवानगी मिळाली आणि दर उतरले. मग १७२ नं सुरू होणारे नंबर आले. तो फिरवला की कॉल स्थानिक दरानं धरला जायचा. एसटीडीचं भूत उतरलं. सायबर कॅफे आले. प्लायवूडचे कप्पे, पडदे, तासाचा दर, भिंतीवर "चॅटिंग करताना मोठ्यानं हसू नये" छापाची सूचना. मी पहिला ईमेल आयडी गोंदियातल्या अशाच एका कप्प्यात उघडला आणि पासवर्ड कॅफेवाल्याच्याच वहीत लिहून ठेवला. त्याचं पुढं काय झालं ते सांगत नाही.

दहावी-बारावीचा निकाल हा कॅफेवाल्यांचा सण. त्या दिवशी एका नंबरचे वेगळे पैसे.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ म्हणजे एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले. सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागतं म्हटल्यावर तालुक्याच्या गावात गर्दी. त्या कोर्सवर पुष्कळ विनोद झाले, मीही केले. पण आता मागं वळून बघतो तेव्हा वाटतं, माउस हातात धरायची भीती या राज्यात कुणी घालवली असेल तर त्या वर्गांनी.

मग ब्रॉडबँड. २००४ च्या धोरणात सरकारनं व्याख्या केली: २५६ किलोबिट किंवा त्याहून जास्त म्हणजे ब्रॉडबँड. २०१३ मध्ये ती ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. व्याख्या किती हळू चालते बघा. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ मध्ये सुरू झालं, फोनच्या त्याच तांब्याच्या तारेवर, पण आवाजाच्या वरच्या पट्टीत, म्हणून फोन आणि नेट एकाच वेळी. त्यांच्या एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ अमर्याद डाउनलोड होतं. माझ्या वयाची एक अख्खी पिढी दोनचा गजर लावून उठत होती. आई म्हणायची, "एवढा अभ्यासाला उठला असता तर."

इथं एक मुद्दा राहू नये, मराठीचा. नेट आलं तरी त्यावर मराठी दिसत नव्हती. १९९१ मध्ये निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, पण आपल्या गावच्या संगणकापर्यंत ती यायला पंधरा वर्षं गेली. तोवर कृतिदेव, शिवाजी, सुशा, प्रत्येक फॉन्टचं कोष्टक वेगळं. तुमच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर मराठी पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. मायबोलीसारख्या साइट १९९६ पासून हे सगळं सांभाळत मराठी माणसाला बोलतं ठेवत होत्या. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. २०१७ मध्ये गूगलनं बोलून शोधायच्या सोयीत मराठी घातली, आणि मला वाटतं खेड्यापाड्यात खरं दार तेव्हा उघडलं. ज्या आजीला टाइप करता येत नाही ती फोनला म्हणते, "रोवणीची गाणी लाव," आणि फोन लावतो.

दरम्यान ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा एकदम स्वस्त झाला, गोंदियाच्या चौकात सिमकार्डाच्या छत्र्या लागल्या. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, मी पुढं जातो.

आता ताईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग. आमच्याइथून नेट जाते कुठं?

आपल्या भागात मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजानं काही शतकांपूर्वी बांधलेले, नवेगावबांधसारखे. तलावात पाणी भरपूर असलं तरी शेवटच्या बांधीत पोचेल असं नाही. पाळीखालच्या तुडुमातून सुटणारं पाणी, पाटाची रुंदी, वाटेत किती जणांनी आपल्याकडे वळवलं, पाट कुठं फुटला, या सगळ्यावर टोकाचं शेत अवलंबून. इटियाडोहच्या कालव्यावर टेलला शेत असलेल्या माणसाला हे शिकवायची गरज नाही. नेटचं तसंच. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल येतात, तो तलाव. तिथून रुळांच्या आणि महामार्गांच्या कडेनं जाड फायबर, तो मुख्य कालवा. गोंदिया शहर कालव्याला लागून आहे. पण सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावची आतली गावं टेलला. मोबाइलचा टॉवर म्हणजे फक्त तुडूम. टॉवरच्या मागं पाणी किती येतंय ते दिसत नाही.

हे न दिसणारं पाणी म्हणजे बॅकहॉल. आणि इथंच आपल्या जंगलपट्ट्याची कहाणी वेगळी होते. ऑगस्ट २०१४ मध्ये केंद्र सरकारनं नक्षलप्रभावित भागांत मोबाइल टॉवर उभारायची योजना मंजूर केली. दहा राज्यांत मिळून २,३४३ टॉवर उभे राहिले. त्यांना वीज सौर पॅनेलची, आणि पुष्कळ टॉवर पोलीस ठाण्याच्या नाहीतर कॅम्पच्या आवारात, कारण शेजारच्या गडचिरोलीत आणि छत्तीसगडात टॉवर जाळले जात होते. जिथं फायबर नव्हतं तिथं मागचं पाणी उपग्रहातून. उपग्रह किती वर? ३६,००० किलोमीटर. म्हणजे देवरीच्या जंगलातला निरोप नागपूरला जायला ३६,००० वर आणि ३६,००० खाली. प्रकाशाच्या वेगानं गेला तरी जाऊन-येऊन जवळपास अर्धा सेकंद. बोलायला ते चालतं. नेटला चालत नाही, कारण एक पान उघडायला असे पन्नास निरोप जातात-येतात. शिवाय उपग्रहाची ती पन्हळ आधीच बारीक. म्हणून टॉवर दिसतो, कांड्या दिसतात आणि नेट नसतं. लोक म्हणतात टॉवर खोटा आहे. तो खोटा नाही, तहानलेला आहे. हे टॉवर २जीवरून ४जीवर न्यायला मंजुरी मिळाली एप्रिल २०२२ मध्ये.

दुसरा प्रयत्न जमिनीखालून. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रानं देशातल्या सगळ्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली, तिचंच पुढं नाव भारतनेट. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती डिसेंबर २०१७ पर्यंत झाल्या. पण फायबर पंचायतीच्या खोलीपर्यंत आलं म्हणजे गावाला नेट आलं असं नाही. खोलीला कुलूप असतं, वीज नसते, रस्ता रुंद करायला आलेल्या जेसीबीनं केबल तोडलेली असते आणि ती जोडायला कुणी यायचं हे ठरलेलं नसतं. रेल्वेच्या कडेच्या जमिनीला मालक एकच म्हणालो ना मघाशी? गावाच्या रस्त्याला पाच खाती.

याउलट एक उदाहरण द्यावंसं वाटतं, कोल्हापूरचं. १९९८ मध्ये वारणानगरच्या आसपासच्या ७० गावांत संगणक केंद्रं बसवायचा मोठा प्रयोग झाला, वायर्ड व्हिलेज म्हणून गाजला. ऊस उत्पादकाला गावातच कळायचं, किती ऊस गेला, बिल किती झालं. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिलं तर संगणक मुख्यतः तेवढ्याच कामाला वापरले जात होते आणि त्यांच्या देखभालीचा खर्चच भारी. मग २००६-०७ च्या सुमारास काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल दिला. एसएमएस पाठवा, उत्तर एसएमएसनं. लोक खूश. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथं साखर कारखाना होता, म्हणजे वायर तुटली तर ओरडणारं कुणीतरी होतं आणि ज्याच्यावर ओरडायचं तोही तिथंच होता. आपल्या धानाला तसा कुणी नाही.

आणि हा गमतीचा विषय राहत नाही, कारण आता नेटवर पोट आहे. २०१७ ची कर्जमाफी आठवा, छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. अर्ज फक्त ऑनलाइन. नवरा-बायको दोघांचे अंगठे. राज्यभर आपले सरकार केंद्रांसमोर रात्री-रात्री रांगा लागल्या, सर्व्हर बसला, सप्टेंबरात मुदत वाढवावी लागली. त्यानंतर रेशनच्या दुकानात अंगठा आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाची नोंद करायची. धान आधारभूत किमतीला विकायचं तर त्याची आधी नोंदणी, मग ती खरेदी मार्केटिंग फेडरेशनची असो की आदिवासी विकास महामंडळाची. यातलं काहीही वाईट हेतूनं केलेलं नाही. बोगस नावं गळली, मधला दलाल काही प्रमाणात हटला, हेही खरं. पण पूर्वी तलाठी जागेवर नसला तर माणूस म्हणायचा, "साहेब नाहीत." आज म्हणतो, "नेट नाही." साहेबाविरुद्ध तक्रार करता यायची. नेटविरुद्ध कुठं करायची? आणि नोंदणीची मुदत संपली की तो धान व्यापाऱ्याला द्यावा लागतो, कमी भावात. क्विंटलमागं जो फरक पडतो ती त्या तीन फेऱ्यांची किंमत.

२०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि "शाळा बंद पण शिक्षण सुरू" म्हणून मोबाइलवर अभ्यास आला, तेव्हाही टेलच्या गावांतली पोरं टेलला राहिली.

शेवटी एक वेगळी गोष्ट सांगतो, ती मला फार आवडते. सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड समाज तिथं येतो. आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत गोंडी बोलली जाते. शेजारच्या बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी एक लिपी तयार केली. ती युनिकोडमध्ये आली २०१७ मध्ये. नव्याण्णव वर्षं! मराठीची पंधरा वर्षं आपल्याला जड गेली होती.

पण गोंडी बोलणारे तोवर थांबले नाहीत. २०१० मध्ये शेजारच्या छत्तीसगडात पत्रकार शुभ्रांशु चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीजीनेट स्वर सुरू केलं. त्याला इंटरनेट लागत नव्हतं, म्हणजे ऐकणाऱ्याला लागत नव्हतं. साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, उलटा कॉल येतो, एक दाबलं की आपली बातमी आपल्या बोलीत सांगायची, दोन दाबलं की दुसऱ्यांची ऐकायची. मास्तर येत नाहीत, हातपंप बंद आहे, मजुरी मिळाली नाही. पलीकडे सर्व्हर, तो नेटला जोडलेला, आणि ऐकून साहेबांना फोन लावणारी शहरातली माणसं. पाणी टेलपर्यंत येत नाही ना, मग घागर पाठवली.

ताई, तुमच्यासाठी आता कामाचं सांगतो. मोबाइलच्या वरच्या कोपऱ्यात कांड्यांशेजारचं अक्षर बघा. ई दिसलं तर २जी, त्यावर फॉर्म भरला जाणार नाही, वेळ घालवू नका. एच दिसलं तर ३जी, पहाटे प्रयत्न करा, तेव्हा पाटावर गर्दी नसते. ४जी आहे, कांड्या भरलेल्या आहेत आणि तरी पान उघडत नाही, तर तुमच्या फोनचा दोष नाही, मागचं पाणी आटलं आहे. फॉर्म भरताना मध्येच अडकला तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, अर्ज दोनदा पडतो. केंद्रावर गेलात आणि "नेट नाही" म्हणाले, तर तारीख-वेळेसह तसं कागदावर लिहून सही मागा. देतील न देतील, पण मागा. मुदतवाढीसाठी गावानं निवेदन दिलं तर तो कागद जोडता येतो. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, केंद्रावरच्या पोरालाही समोर बसूनच टाकायला लावायचा. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करायचा, दुसऱ्या दिवशी नाही.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी त्यांना फोन लावला होता, तुमचा प्रश्न घेतोय म्हणून सांगायला. व्हॉट्सअॅप कॉल लागेना. साधा कॉल लगेच लागला. त्या म्हणाल्या नोंदणी झाली, चौथ्या फेरीला, रात्री साडेनऊला. मी विचारलं, आता ऐकाल कसं, नेट तर नाही? म्हणाल्या, पोरगा शनिवारी गोंदियाहून येतो, तो स्टेशनवर डाउनलोड करून आणेल.

तर दादा, तुझ्या आईला हा भाग ऐकव. आणि मंडळी, पुढच्या वेळी बिडीच्या कारखान्यांवर बोलू. नमस्कार.